अस्थिमज्जेतील कर्कपेशींचा शोध

कर्करोगाचे निदान झाल्याचे कळताच रुग्णाच्या नातेवाइकांच्या तोंडून बहुधा पहिला प्रश्न येतो : “पसरला तर नाही ना?” प्रश्न साधा आहे; पण उपचाराची सारी दिशा त्याच्या उत्तरावर ठरते. रोग मूळ जागीच असेल, तर शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांच्या साहाय्याने तो समूळ नाहीसा करण्याची आशा धरता येते. तो दूरच्या अवयवांत पोहोचला असेल, तर सर्व शरीरभर पोहोचणारी औषधे द्यावी लागतात आणि पुष्कळदा उपचाराचे उद्दिष्टच बदलते. या प्रश्नाचे उत्तर ज्या जागी शोधले जाते, त्यांपैकी एक म्हणजे हाडांच्या पोकळीतील मऊ ऊतक, अर्थात अस्थिमज्जा. अस्थिमज्जेच्या नमुन्यात बाहेरून आलेल्या कर्कपेशी कशा ओळखल्या जातात, त्या ओळखताना कोणत्या चुका संभवतात आणि सापडलेल्या पेशीचा अर्थ काय लावावा, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. रक्ताचा कर्करोग म्हणून ओळखला जाणारा ल्युकेमिया अस्थिमज्जेतच जन्म घेतो. येथे विचार करावयाचा आहे तो दुसऱ्या अवयवात निर्माण होऊन मज्जेत येऊन रुजणाऱ्या पेशींचा. या स्थलांतराला वैद्यकात ‘मेटास्टॅसिस’ म्हणतात.

बी आणि जमीन

अस्थिमज्जा हा रक्तपेशींचा कारखाना आहे. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठण्यास आवश्यक असलेल्या बिंबिका येथेच तयार होतात. लहान मुलांच्या जवळजवळ सर्व हाडांत अशी कार्यरत लाल मज्जा असते. प्रौढपणी ती मुख्यतः कंबर, मणके, बरगड्या, उरोस्थी आणि कवटी या हाडांत उरते. रक्ताचा पुरवठा येथे विपुल असतो आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती पातळ असतात. त्यामुळे रक्तातून वाहत आलेल्या कर्कपेशीला येथे शिरकाव करणे तुलनेने सोपे जाते.

केवळ रक्तपुरवठा मात्र या घटनेचे स्पष्टीकरण देऊ शकत नाही. १८६९ साली ऑस्ट्रेलियातील थॉमस ॲशवर्थ यांनी कर्करोगाने मृत्यू पावलेल्या एका रुग्णाच्या रक्तात गाठीतल्या पेशींसारख्याच पेशी पाहिल्याची नोंद केली. पेशी रक्तातून प्रवास करतात, हे त्यातून सूचित झाले. पण मग त्या ठराविक अवयवांतच का रुजतात? इंग्लंडमधील शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून दाखविले, की हा प्रसार यदृच्छेने होत नाही. वनस्पतीचे बी चहूकडे उडते, पण योग्य जमीन मिळेल तेथेच उगवते, असा दृष्टान्त त्यांनी दिला. पुढच्या काळात या दृष्टान्ताला रासायनिक आधार मिळाला. मज्जेतील पेशी काही रासायनिक संदेश सोडतात आणि ते ग्रहण करणारी प्रथिने अनेक कर्कपेशींच्या पृष्ठभागावर असतात, हे आता ज्ञात आहे. रक्ताच्या मूळपेशींना मज्जेत टिकवून धरणारी व्यवस्थाच या परक्या पाहुण्यांनाही आसरा देते.

प्रौढांत प्रोस्टेट ग्रंथी, स्तन आणि फुप्फुस यांचे, तर बालकांत न्यूरोब्लास्टोमा या ट्यूमरचे मज्जेकडे स्थलांतर वारंवार आढळते. जठराच्या कर्करोगाच्या पेशीही मज्जेत सापडतात. काही रुग्णांत तर मूळ गाठीचा पत्ता लागण्यापूर्वी मज्जेतील पेशीच प्रथम दिसतात.

कारखान्याची जागा परक्या पेशींनी व्यापली, की उत्पादन घटते. रुग्णाला न ओसरणारा रक्तक्षय होतो, बिंबिका कमी होतात, कंबर व पाठ दुखू लागते. रक्ताच्या साध्या लेपात एरवी मज्जेतच राहणाऱ्या अपरिपक्व पांढऱ्या पेशी आणि केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी दिसू लागतात. हे चित्र अन्य विकारांतही दिसते. तरी लोहाच्या गोळ्या घेऊनही न हटणाऱ्या रक्तक्षयात ते आढळले, तर मज्जेची तपासणी करण्याचे ते सबळ कारण ठरते. ही खूण ओळखण्यास लागतो तो एक सूक्ष्मदर्शक आणि रक्ताचा लेप डोळ्यांनी पाहण्याची शिस्त. रक्तगणना यंत्रावर होऊ लागल्यापासून ही शिस्त सैल होत चालली असेल, तर ती पुन्हा घट्ट करणे आवश्यक आहे.

सुईपासून काचपट्टीपर्यंत

जिवंत माणसाच्या मज्जेचा नमुना सुईने घेण्याची पद्धत विसाव्या शतकातील. इटलीतील जोव्हान्नी गेदिनी यांनी १९०८ साली नडगीच्या हाडातून नमुना घेतला; रशियातील मिखाईल अरिंकिन यांनी १९२७च्या सुमारास उरोस्थीतून सुईने मज्जा ओढण्याची सोपी रीत रूढ केली. भारतीय डॉक्टरांना ही तपासणी कर्करोगासाठी परिचित होण्याआधीच काळा आजारासाठी परिचित झाली होती. बिहार-बंगालमधील अनेक रुग्णांचे निदान मज्जेतील परजीवी पाहूनच होत असे.

आज नमुना बहुधा कमरेच्या मागच्या बाजूच्या हाडातून घेतला जातो. जागा बधिर करून सुई आत नेतात; लहान मुलांना गुंगीचे औषध देतात. नमुने दोन प्रकारचे असतात. पहिला, सिरिंजने ओढलेली पातळ मज्जा. हिचा काचपट्टीवर लेप देऊन पेशींचे सूक्ष्म रूप पाहता येते. दुसरा, हाडासकट कापून घेतलेला दंडगोलाकार तुकडा, म्हणजेच ट्रेफाइन बायोप्सी. यात पेशींची मूळ मांडणी शाबूत राहते. या दुसऱ्या नमुन्यासाठी खोस्रो जमशिदी यांच्या १९७१ सालच्या सुईचे नाव जगभर झाले. टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या या सुईमुळे तुकडा न चिरडता बाहेर येतो.

स्थलांतरित कर्कपेशींच्या शोधात हा तुकडा विशेष महत्त्वाचा असतो. कर्कपेशी मज्जेत आल्या, की त्यांच्याभोवती पुष्कळदा तंतूंचे जाळे विणले जाते. पेशी त्यात इतक्या घट्ट अडकतात, की सिरिंज ओढूनही काहीच येत नाही. असा ‘कोरडा’ नमुना म्हणजे तपासणी फसली, असे समजण्याची चूक होते. वस्तुतः ती एक महत्त्वाची सूचना असते. अशा वेळी ताजा तुकडा काचपट्टीवर हलकेच फिरवून त्याचा ठसा घेतला, तर काही तासांत पहिले उत्तर मिळू शकते.

दुसरी अडचण विखुरलेपणाची. कर्कपेशी मज्जेत सर्वत्र सारख्या पसरत नाहीत. एखाद्या शेतात हरळीचे पुंजके असावेत तशा त्या असतात. सुई पुंजक्याच्या शेजारून गेली, तर अहवाल निरोगी येईल. म्हणूनच तुकड्याची लांबी पुरेशी असावी लागते आणि त्याचे अनेक स्तरांवरील छेद तपासावे लागतात. काही रोगांत दोन्ही बाजूंच्या हाडांतून नमुने घेणे अनिवार्य मानले जाते. दोन-चार मिलिमीटरच्या चिरडलेल्या तुकड्यावर ‘कर्कपेशी आढळल्या नाहीत’ असा शेरा लिहिणे म्हणजे न पाहिलेल्या शेताला स्वच्छ ठरविणे होय.

तुकड्यात हाड असल्याने त्याचे छेद घेण्यापूर्वी त्यातील कॅल्शियम काढावे लागते. तीव्र आम्लाने हे काम लवकर होते. परंतु पेशींतील प्रथिने आणि डीएनए यांची हानी होते. ईडीटीए या सौम्य रसायनाला अधिक वेळ लागतो, पण पुढील तपासण्यांसाठी पेशी सुस्थितीत राहतात. हा निर्णय तंत्रज्ञाच्या टेबलावर होतो आणि त्याचा परिणाम रुग्णाच्या औषधयोजनेवर होतो.

सूक्ष्मदर्शकाखाली

अनुभवी विकृतिशास्त्रज्ञ मज्जेचा लेप प्रथम कमी वर्धनाखाली पाहतो. यामागे कारण आहे. रक्तपेशी सुट्या-सुट्या वाढतात. बाहेरून आलेल्या कर्कपेशी मात्र एकमेकींना चिकटून राहतात. हे पुंजके जड असल्याने लेप देताना कडांकडे आणि शेवटाकडे ओढले जातात. केवळ मध्यभाग मोठ्या वर्धनाखाली पाहणाऱ्याच्या नजरेतून ते निसटतात. पुंजका सापडल्यावर वर्धन वाढवून पेशींचा आकार, केंद्रकाचे स्वरूप आणि पेशींची मांडणी पाहिली जाते.

येथे फसगत होण्याच्या जागाही आहेत. हाड घडविणाऱ्या अस्थिजनक पेशी विशेषतः बालकांच्या मज्जेत पुंजक्याने आढळतात आणि नवशिक्याला त्या कर्कपेशी वाटू शकतात. मुलांच्या मज्जेत नैसर्गिकपणे असणाऱ्या अपरिपक्व लसीका पेशी आणि लहान गोल पेशींचे ट्यूमर यांतही साम्य असते. याउलट, स्तनाच्या एका प्रकारच्या कर्करोगाच्या पेशी पुंजके न करता एकेकट्या विखुरतात आणि रक्तपेशींच्या गर्दीत सहज लपतात. केवळ रूपावरून ओळख पटविण्याला म्हणूनच मर्यादा पडते.

प्रतिपिंडांची साक्ष

ही मर्यादा ओलांडण्याचे साधन १९७५ साली उपलब्ध झाले. जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टीन यांनी एकाच प्रथिनाला अचूक चिकटणारे, एकजिनसी प्रतिपिंड प्रयोगशाळेत हव्या त्या प्रमाणात बनविण्याची रीत शोधली. १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रतिपिंडाला रंग देणारे विकर जोडले, की ते प्रथिन असलेली पेशी रंगून उठते.

यातील तर्क समजण्यास सोपा आहे. त्वचा, स्तन, फुप्फुस, आतडे यांच्या अस्तरपेशींत सायटोकेरॅटिन नावाची प्रथिने असतात. रक्तपेशींत ती सहसा नसतात. मज्जेत सायटोकेरॅटिनयुक्त पेशी दिसली, तर ती बाहेरची असण्याची दाट शक्यता असते. त्यानंतर ती कोठून आली, याचा तपास सुरू होतो. प्रोस्टेटच्या पेशींसाठी पीएसए, फुप्फुसाच्या एका प्रमुख कर्करोगासाठी टीटीएफ-१, स्तनासाठी गाटा-३ आणि संप्रेरकांचे ग्राहक, मोठ्या आतड्यासाठी सीडीएक्स-२ असे दर्शक वापरले जातात. एकटा दर्शक क्वचितच निर्णायक असतो. तीन-चार दर्शकांचा मेळ, रुग्णाचा इतिहास आणि इमेजिंग यांतून निष्कर्ष निघतो. काही प्लाझ्मापेशीही चुकून रंग घेतात, त्वचेची एखादी पेशी सुईबरोबर आत येऊ शकते. म्हणून रंगलेल्या पेशीचे रूप पाहिल्याशिवाय तिला कर्कपेशी ठरवीत नाहीत.

मूळ स्थान ठरविण्यात उपचाराची मोठी संधी दडलेली असते. प्रोस्टेट किंवा स्तनाचा कर्करोग हाडांत पसरल्यावरही संप्रेरकांवर आधारित औषधांनी अनेक रुग्णांत दीर्घकाळ आटोक्यात राहू शकतो. स्तनाच्या कर्करोगात संप्रेरक-ग्राहक आणि हर-२ या तपासण्यांवर औषध ठरते. तीव्र आम्लात हाड विरघळविताना नेमक्या याच तपासण्या बिघडू शकतात. उपयोगी पडू शकणारे औषध केवळ सदोष प्रक्रियेमुळे रुग्णाच्या हातून निसटावे, याहून मोठे नुकसान ते कोणते?

बालकांचा न्यूरोब्लास्टोमा : प्रमाणाचे महत्त्व

मज्जेतील कर्कपेशींचा शोध सर्वाधिक निर्णायक ठरतो तो न्यूरोब्लास्टोमात. अनुकंपी चेतासंस्थेच्या अपक्व पेशींपासून होणारा हा ट्यूमर मुख्यतः पाच वर्षांखालील बालकांना होतो आणि पुष्कळदा मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीत सुरू होतो. निदानाच्या वेळी सुमारे निम्म्या बालकांत तो पसरलेला असतो आणि अस्थिमज्जा हे त्याचे नेहमीचे ठिकाण आहे. मूल फिकट पडते, चिडचिडे होते, पाय दुखतात म्हणून चालेनासे होते. ताप आणि हाडदुखी यांमुळे सुरुवातीस संधिवाताचा किंवा ल्युकेमियाचा संशय येतो.

मज्जेत निःसंदिग्ध ट्यूमरपेशी आढळल्या आणि मूत्रात कॅटेकोलामाइन गटातील द्रव्यांचे प्रमाण वाढलेले असले, तर आंतरराष्ट्रीय निकषांनुसार एवढ्यावर निदान पक्के होते. आजारी बालकाचे पोट केवळ निदानासाठी उघडण्याची गरज उरत नाही. मज्जेतील ट्यूमरपेशी पुरेशा असल्यास एमवायसीएन या जनुकाच्या प्रती वाढल्या आहेत का, हेही त्यांतूनच पाहता येते. रोगाची आक्रमकता ठरविण्यात हा घटक अत्यंत महत्त्वाचा असतो.

याच रोगात ‘किती पेशी’ या प्रश्नाचे महत्त्व ठळकपणे दिसते. अठरा महिन्यांहून लहान बालकात रोग त्वचा, यकृत आणि मज्जा एवढ्यापुरताच पसरला असेल आणि मज्जेतील ट्यूमरपेशी दहा टक्क्यांपेक्षा कमी असतील, तर त्याची वेगळी विशेष अवस्था मानली जाते. अशा अनेक बालकांत रोग अल्प उपचाराने, कधी तर उपचाराविनाही ओसरतो. मज्जा याहून अधिक व्यापलेली असेल, तर वर्गीकरण बदलते आणि त्याबरोबर उपचारही बदलू शकतो. ‘मज्जेत कर्कपेशी आहेत’ एवढाच अहवाल येथे अपुरा, किंबहुना दिशाभूल करणारा ठरतो.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत कमरेच्या दोन्ही बाजूंनी पातळ मज्जा व तुकडा असे दोन्ही नमुने घेण्यावर आणि पेशींचे प्रमाण आकड्यांत नोंदविण्यावर भर आहे. मज्जेतील प्रमाण पाच टक्के वा त्याहून कमी असेल, तर त्याची ‘अल्प रोग’ अशी स्वतंत्र नोंद होते. या पेशींच्या पृष्ठभागावर जीडी-२ हा रेणू विपुल असतो. त्याला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांनी पेशी ओळखता येतात. आणि त्याच रेणूला लक्ष्य करणारे डिनुटुक्सिमॅब हे औषध अमेरिकेत २०१५ साली मान्य झाले. निदानाची खूण उपचाराचे लक्ष्य बनल्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

लाखांत एक : सापडणे आणि अर्थ लावणे

तंत्र सूक्ष्म होत गेले, तशी लाखो मज्जापेशींतून एखादी कर्कपेशी शोधणे शक्य झाले. यातून एक नवा प्रश्न उभा राहिला. अशी एकुलती पेशी सापडली, तर रोग पसरला असे म्हणावे काय?

स्तनाच्या कर्करोगात याचा विस्तृत अभ्यास झाला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या नऊ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात ४,७०३ स्त्रियांचा समावेश होता. इतरत्र प्रसाराची खूण नसतानाही त्यांतील ३०.६ टक्के स्त्रियांच्या मज्जेत सूक्ष्म प्रसार आढळला आणि त्यांच्यात रोग उलटण्याचा व मृत्यूचा धोका अधिक दिसला. २०११ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, काखेतील गाठींत रोगाची बाह्य खूण नसलेल्या प्रारंभिक अवस्थेतील स्त्रियांचे ३,४१३ नमुने तपासले गेले. त्यांपैकी १०४, म्हणजे ३ टक्के नमुन्यांतच कर्कपेशी आढळल्या. अन्य घटक विचारात घेतल्यावर या शोधाने रोगाच्या भवितव्याबाबत स्वतंत्रपणे फारशी भर पडत नाही, असेही दिसले.

तीस आणि तीन यांतील ही तफावत बोधप्रद आहे. रुग्णांची निवड, तपासणीची पद्धत, पेशीला ‘कर्कपेशी’ म्हणण्याचे निकष यांपैकी काहीही बदलले की आकडा बदलतो. शिवाय मज्जेत पोहोचलेली प्रत्येक पेशी वाढतेच असे नाही. काही नष्ट होतात, काही वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात. त्यांपैकी कोणती जागी होईल, हे आजही नेमके सांगता येत नाही. म्हणूनच प्रारंभिक स्तनकर्करोगात मज्जेची सरसकट तपासणी आज केली जात नाही. ज्या निष्कर्षाने उपचार बदलत नाही, त्यासाठी रुग्णाला सुईची वेदना आणि कुटुंबाला खर्च सोसावयास लावणे समर्थनीय नाही. शरीरभराची मज्जा एका वेळी दाखविणाऱ्या पेट-स्कॅनमुळेही काही रोगांतील सुईची गरज कमी झाली आहे.

देशापुढील काम

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ साली देशात कर्करोगाचे सुमारे १४.६१ लाख नवे रुग्ण आढळले. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेने पात्र कुटुंबांना रुग्णालयीन उपचारांसाठी वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण दिले. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राचा विस्तार वाराणसी, संगरूर, गुवाहाटी, विशाखापट्टणम येथपर्यंत झाला आणि २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने देशभरातील केंद्रांना समान उपचारपद्धतीच्या सूत्रात गुंफण्याचे काम हाती घेतले. उपचाराचा खर्च भागविण्याची व्यवस्था होत असताना निदानाचा दर्जा मागे राहून चालणार नाही. चुकीच्या निदानावर खर्च झालेला पैसा रुग्णाच्याही उपयोगी पडत नाही आणि शासनाच्याही.

मज्जेच्या तपासणीत सुधारणा घडवून आणण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात महागडी यंत्रे बसविण्याची आवश्यकता नाही. चार गोष्टी मात्र सर्वत्र शक्य आहेत. पहिली, न हटणाऱ्या रक्तक्षयात रक्ताचा लेप तज्ज्ञाने प्रत्यक्ष पाहणे. दुसरी, नमुना घेणाऱ्या डॉक्टरांना पुरेशा लांबीचा तुकडा काढण्याचे प्रशिक्षण देणे आणि नमुना अपुरा असल्यास तसे अहवालात स्पष्ट लिहिणे. तिसरी, तुकडा योग्य प्रमाणातील फॉर्मालिनमध्ये ठेवून, सौम्य प्रक्रियेची सोय असलेल्या केंद्राकडे वेळेत पाठविणे. चौथी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित : तपासणीच्या अर्जावर रुग्णाचे वय, लक्षणे, पूर्वीचे आजार आणि शस्त्रक्रिया यांची माहिती भरणे. आठ वर्षांपूर्वी स्तनाची शस्त्रक्रिया झाल्याची एक ओळ अर्जावर असेल, तर विकृतिशास्त्रज्ञ विखुरलेल्या एकेकट्या पेशी शोधतो. ती नसेल, तर त्याच पेशी नजरेआड होऊ शकतात.

प्रतिपिंडांच्या आणि जनुकीय तपासण्या विभागीय केंद्रांत एकवटणे अधिक शहाणपणाचे आहे. तेथे नमुन्यांची संख्या मोठी असल्याने खर्च कमी पडतो आणि अनुभवही साठतो. काचपट्टीचे डिजिटल चित्र दूरच्या तज्ज्ञाकडे पाठविता येत असल्याने लहान शहरातील विकृतिशास्त्रज्ञाला दुसरे मत मिळविण्यासाठी रुग्णाला शेकडो मैल धाडण्याची गरज पडू नये. अर्थात, मूळ लेपच जाड आणि तुकडाच चिरडलेला असेल, तर उत्तमातल्या उत्तम चित्रातूनही काही निष्पन्न होणार नाही.

मज्जेचा अहवाल रुग्णाच्या हाती पडतो तेव्हा त्यावर बहुधा दोन-तीनच ओळी असतात. त्या ओळींमागे सुई धरणारा हात, लेप देणारा तंत्रज्ञ, तुकड्यावर प्रक्रिया करणारी प्रयोगशाळा आणि सूक्ष्मदर्शकावर वाकलेला विकृतिशास्त्रज्ञ अशी साखळी असते. ही साखळी जेथे सर्वांत कच्ची असेल, तेथे अहवालही तेवढाच कच्चा राहतो. तिचा प्रत्येक दुवा जिल्हा पातळीपर्यंत पक्का करणे, हे कर्करोग नियंत्रणाच्या कार्यक्रमातील कमी खर्चाचे, पण दूरगामी परिणामांचे काम ठरेल.